भूकंपाचे आकडे आणि लाटेची वर्दी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



लग्नकार्यात भेटणारी आपली मंडळी मला नेहमी विचारतात, "हल्ली काय करता?" याचे उत्तर दोन वाक्यांत देणे मला आजवर साधलेले नाही. चिटणिसांनी आज अर्धा तास दिला आहे, तेव्हा ते जुने देणे फेडून टाकतो. भूकंप झाला की त्याचे आकडे त्सुनामीचा अंदाज करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेळेवर आणि बिनचूक पोचावेत, यासाठी जी माणसे खपतात त्यांपैकी मी एक आहे. काम पडद्याआडचे आहे. परंतु आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांची मुळे कोकणच्या किनाऱ्यावर आहेत. सबब हा विषय आपणांस अगदीच परका वाटू नये.

किंबहुना तो परका नाहीच. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या दक्षिण अंगास, समुद्राखाली ८.१ परिमाणाचा भूकंप झाला. त्याच्या लाटा काही तासांनी मुंबईस येऊन थडकल्या आणि माणसे वाहून गेली. मधल्या तासांत मुंबईकरांना कोणी काही कळविले नाही. कळविणारी व्यवस्थाच नव्हती.

त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ रोजी, तेच घडले आणि कैक पटींनी भयंकर घडले. सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. त्या सकाळी भूकंपलेखक यंत्रे झोपली नव्हती. हवाई बेटांवरील प्रशांत महासागराच्या इशारा केंद्राने पाव तासाच्या सुमारास पहिले पत्रक काढले; त्यात परिमाण ८.० दिले होते. पुढे तासाभराने ते ८.५ झाले. आज आपण ते ९.१ मानतो. वरवर पाहता एका आकड्याचा फरक. परंतु ही मोजपट्टी अशी आहे की एक पायरी चढली की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, आणि ८.० व ९.१ यांमध्ये सुमारे पंचेचाळीस पटींचे अंतर आहे. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. आपल्या देशात दहा हजारांच्या वर. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट पोचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला होता, हे आजही मनाला लागून राहते.

मग चूक कोठे झाली? वस्तुतः गणित करणारा कोणी चुकला असे म्हणता येत नाही. त्या दिवशी समुद्रतळाची जी भेग फाटली ती सुमारे तेराशे किलोमीटर लांब होती, आणि ती फाटत जाण्यास आठ-दहा मिनिटे लागली. म्हणजे आरंभीच्या मिनिटांत यंत्राने कितीही चोख मोजमाप केले तरी ते एका अपुऱ्या घटनेचे मोजमाप होते. पातेल्यातले दूध अजून वर येतच आहे आणि आपण ते किती उतू गेले याचा हिशेब लिहून मोकळे झालो, तसा हा प्रकार.

आता आकड्यांचा प्रवास थोडा समजावून घेऊ. भूकंपाच्या पहिल्या लहरी खडकातून सेकंदाला सहा ते आठ किलोमीटर वेगाने धावतात. त्सुनामीची लाट चार किलोमीटर खोल पाण्यात ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास धावते. ऐकावयास हा वेग प्रचंड. पण लहरींपुढे ती लाट बैलगाडीच म्हणावी लागेल. या दोहोंच्या शर्यतीत जी सवड मिळते, तेवढ्यावरच आमचा सगळा संसार चालतो. दूरदूरच्या स्थानकांवरील नोंदी क्षणाक्षणाला येत राहतात. जर्मनीत पॉट्सडॅम येथे तयार झालेल्या 'सायसकॉम्प'सारख्या प्रणाली त्या नोंदींतून पहिल्या लहरीचा क्षण टिपतात, आणि अनेक स्थानकांचे क्षण जुळवून भूकंप कोठे व केव्हा झाला हे ठरवितात. त्यावरून वेळ, अक्षांश, रेखांश, खोली आणि परिमाण एवढे आकडे तयार होतात. भेगेचा रोख कोणत्या दिशेला, तिचा उतार किती आणि खडक कोणत्या बाजूस सरकला, हे मागाहून कळते. हे सारे दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पदरात पडले की ते समुद्रतळ किती उचलला गेला ते काढते (ओकाडा या जपानी शास्त्रज्ञाची १९८५ ची सूत्रे त्यासाठी सर्वत्र वापरतात) आणि लाट कोणत्या किनाऱ्यावर कधी पोचेल ते सांगते.

यात माझी स्वतःची एक फजिती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नोकरीच्या आरंभीच्या दिवसांत एका सरावासाठी मी २००४ चाच भूकंप हाताने भरून दिला. वेळ लिहिली ६.२८. सॉफ्टवेअर जागतिक प्रमाणवेळेत बोलते, तेथे ती ०.५८ हवी होती. यंत्राने यत्किंचितही कुरकुर केली नाही. त्याच्या लेखी दोन्ही वेळा सारख्याच सभ्य. नकाशा उमटला, रंग भरले, आणि जी लाट प्रत्यक्षात सकाळी नऊच्या सुमारास चेन्नईस पोचली होती ती दुपारी अडीचला येणार असे सुबक अक्षरांत छापून आले. एक ज्येष्ठ सहकारी मागे उभे होते. ते एवढेच म्हणाले, "तोपर्यंत जेवून घेऊ या." त्यानंतर मी वेळेच्या रकान्याकडे कधीही एकदाच पाहिलेले नाही. असेच दक्षिण अक्षांशाचे ऋणचिन्ह गळले, तर जावाच्या दक्षिणेचा भूकंप व्हिएतनामजवळच्या समुद्रात जाऊन पडतो. खोलीचे तर विचारूच नका. पुरेशा नोंदी नसल्या की प्रणाली दहा किलोमीटर हा ठरीव आकडा घालून ठेवते. तो केवळ रिकामी जागा भरण्यासाठी असतो. पण पुढचे सॉफ्टवेअर त्याला मोजलेला समजून कामाला लागते.

आपल्या मंडळाच्या कुटुंबसूचीचे काम ज्यांनी केले आहे त्यांना आणखी एक अडचण चटकन समजेल. एकच गृहस्थ मुंबईच्या यादीत एका स्पेलिंगने व गावच्या यादीत दुसऱ्या स्पेलिंगने येतात आणि सूचीत एकाची दोन कुटुंबे होतात. भूकंपाचेही तसेच. एकाच धक्क्याची खबर निरनिराळ्या केंद्रांकडून येते. स्थान वीस किलोमीटरने, वेळ चार सेकंदांनी, परिमाण थोडेसे वेगळे. हे दोन भूकंप की एक? आणि एकच असेल तर कोणाचा आकडा धरावयाचा? शिवाय प्रत्येक केंद्र आपला आकडा दर काही मिनिटांनी सुधारीत असते. जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीवर बसली तर शहाणपण मागे पडून अज्ञान पुढे येते. माझ्या मते या व्यवहारातले सर्वांत कष्टाचे काम लाटेच्या गणिताचे नसून या ओळखपाळखीचे आहे.

परिमाणाचा एकच आकडा पाहून जे निर्धास्त होतात किंवा घाबरतात, त्यांच्यासाठी दोन उदाहरणे देतो. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस ८.६ परिमाणाचा भूकंप झाला आणि लाट अगदी किरकोळ आली, कारण खडक आडवे सरकले; पाणी उचलले गेलेच नाही. उलट २५ ऑक्टोबर २०१० रोजी मेंतावाई बेटांजवळ ७.८ चा भूकंप झाला. त्याची भेग संथपणे फाटली, हादरा सौम्य वाटला, आणि लाटेने चारशेहून अधिक माणसे नेली.

जपानइतकी तयारी दुसऱ्या कोणत्याही देशाची नव्हती. तेथे ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर तीन मिनिटांत इशारा निघाला. हा पराक्रमच होय. पण त्या घटकेचे परिमाण ७.९ धरले गेले होते, खरे ९.० होते, त्यामुळे इवाते प्रांतासाठी लाट तीन मीटर सांगितली गेली. देशातली संवेदनशील यंत्रे धक्क्याने मर्यादेपलीकडे गेल्याने मोठे परिमाण लवकर काढता येईना. अर्ध्या तासाच्या आत अंदाज वाढविला. पण वीज गेलेली, अनेकांपर्यंत तो पोचला नाही. "तीन मीटर" हे पहिले शब्द मात्र पोचले होते. जपानच्या हवामान खात्याने २०१३ पासून पद्धत बदलली. भूकंप फार मोठा असल्याची शंका येताच पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडाच देत नाहीत. लाट प्रचंड असेल एवढेच सांगतात. आकड्यांवर जगणाऱ्या आम्हां लोकांना हा निर्णय प्रथम खटकला. आज तो मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात १५ ऑक्टोबर २००७ रोजी त्सुनामी इशारा केंद्राचे उद्घाटन झाले. सुमात्रा-अंदमान आणि मकरान या दोन्ही पट्ट्यांतील संभाव्य भूकंपांची गणिते तेथे आधीच करून ठेवली आहेत. प्रत्यक्ष भूकंपाचे आकडे आले की त्यांच्याशी जुळणारे गणित काढावयाचे. मग समुद्रतळावरील दाबमापक आणि बंदरांतील भरतीमापक यांच्याकडून लाट खरोखर निघाली की नाही याची खातरजमा करावयाची. ही खातरजमा फार मोलाची. २२ डिसेंबर २०१८ रोजी इंडोनेशियात अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीची बाजू समुद्रात ढासळली आणि लाट उठली, तेव्हा भूकंपाच्या आकड्यांवर विसंबलेल्या यंत्रणेकडे भरावयास आकडेच नव्हते.

चिटणिसांची घंटा वाजली. मकरानच्या १९४५ च्या भूकंपाचा एक नकाशा मी बरोबर आणला आहे. त्यात कोकणातील बंदरांवर लाट पोचण्याच्या वेळा तासांच्या रेषांनी दाखविल्या आहेत. तो बाहेर भोजनगृहाच्या भिंतीवर लावला आहे. आपापले गाव शोधून पाहावे. वेळा भारतीय प्रमाणवेळेत आहेत. मी दोनदा तपासल्या आहेत.