तोंडी हुकूम आणि कोरी वही
(शाखेच्या सभेत सेक्रेटरींनी केलेले भाषण)



मी मॅट्रिक शिकलेला माणूस, पण पिट लाइनवर तीस वर्षे काढली आहेत. मोटारीत अँटी-लॉक ब्रेक जे काम करतो, तेच एलएचबी डब्यात डब्ल्यूएसपी करते. प्रत्येक ॲक्सलला वेग मोजणारा सेन्सर असतो. ब्रेक लागताना एखादा ॲक्सल बाकीच्यांपेक्षा फार हळू झाला, की डंप व्हॉल्व्ह त्याच्या ब्रेक सिलिंडरमधली हवा क्षणभर सोडतो. चाक पुन्हा फिरू लागते, हवा पुन्हा भरते. ही यंत्रणा बंद असली तर ओल्या रुळावर चाक जॅम होऊन घसरत जाते आणि त्याला फ्लॅट पडतो. मग प्रत्येक फेरीला रुळावर हातोडा!

गंमत अशी, की ती बंद केली तरी ब्रेक लागतोच. म्हणून तर बंद करायला कोणाला काही वाटत नाही. मागच्या पावसाळ्यात गाडी सुटायला वीस मिनिटे असताना आपल्या एका फिटरला वरून सांगितले, ‘स्विच काढ, गाडी जाऊ दे.’ त्याने काढला. वहीत नोंद करू दिली नाही. गाडी परतली ती चाकांना फ्लॅट घेऊन, आणि आरोपपत्र फिटरला! तोंडी हुकमाला पुरावा कुठला?

सेन्सर आणि केबल स्टोअरमध्ये ठेवा, ही आपली मागणी आहेच. तोवर लेखी मेमोशिवाय स्विचला हात लावू नका. वहीत डब्याचा नंबर, वेळ आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा.

त्या फिटरची चौकशी सोमवारी आहे. बचावाला मी जाणार आहे. त्या रात्रपाळीला जे हजर होते, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे.