वंगणातील लोखंड



खडकीचा आणि यंत्रांचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६९ साली येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने येथेच आपला कारखाना उभारला. डिझेल इंजिनांनी आपल्याकडील कितीतरी विहिरींचे पाणी मळ्यांना पाजले आहे. इंजिन चालते कसे, हे आपण थोडेफार जाणतो. ते झिजते कसे, याचा विचार मात्र ते बंद पडल्यावरच करतो. त्या झिजेविषयीच आज आम्हांस बोलावयाचे आहे.

वंगणतेल केवळ घर्षण कमी करीत नाही. ते उष्णता वाहून नेते आणि झिजलेल्या धातूचे कणही आपल्याबरोबर घेऊन येते. सिलिंडरचा लायनर, पिस्टनच्या रिंगा, दाते, क्रँकशाफ्ट हे भाग बहुधा बिडाचे किंवा पोलादाचे. म्हणजे त्यांचे कण लोहचुंबकाला चिकटणारे. तेव्हा तेलात चुंबक ठेवला, तर यंत्र न उघडताही आतली वार्ता कळावी, ही कल्पना अगदी साधी आहे.

तिचे पहिले रूप म्हणजे तेल सोडण्याच्या बुचाला बसविलेला चुंबक. तेल बदलताना बूच काढावे आणि त्यावरचा किस पाहावा. पिठासारखा मऊ लेप असेल तर ती रोजची झीज. चकाकणारे कपचे दिसले तर कोठेतरी दाते किंवा बेअरिंग फुटू लागले, असे समजावे. विमानांच्या इंजिनांत हेच बूच विजेला जोडतात. दोन टोकांमधील फट कणांनी भरली की मंडल पूर्ण होते आणि वैमानिकासमोर दिवा लागतो.

याहून पुढची युक्ती म्हणजे तेलाच्या नळीभोवती बसविलेले तारेचे वेटोळे. त्यातून झपाट्याने दिशा बदलणारी वीज खेळत असते. लोखंडाचा कण जवळून गेला की वेटोळ्याचे प्रवर्तकत्व किंचित वाढते; तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा कण गेला की त्यात उठणाऱ्या भोवरी प्रवाहांमुळे ते किंचित घटते. अशा रीतीने कण मोजता येतात आणि त्यांची जातही काही अंशी ओळखता येते.

परंतु चुंबकाकडून भलती अपेक्षा करू नये. ॲल्युमिनियमचा पिस्टन किंवा तांबे-शिशाचे बेअरिंग झिजले, तर बुचावरचा चुंबक मूकच राहील. तेलात पाणी शिरले, डिझेल मिसळले किंवा तेल आंबट झाले, तरी त्याला पत्ता लागणार नाही. त्यासाठी तेलाचा नमुना प्रयोगशाळेतच गेला पाहिजे. शिवाय एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. नवे इंजिन सुरुवातीस अधिक कण टाकते, मग ते प्रमाण उतरून स्थिरावते. स्थिरावलेले प्रमाण पुन्हा चढू लागले, की सावध व्हावे. म्हणून उपकरणाइतकीच नोंदवहीही मोलाची आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? ठरलेल्या तासांनी तेल बदलले की झाले! पण तेल बदलल्याने फुटू लागलेला दाता सांधत नाही. उलट तपासणीविना चांगले तेल फेकणे हाही अपव्ययच. ते गटारात ओतले की अखेर नदीतच जाते, आणि खडकीला मुळा नदी काही दूर नाही.

खरी कसोटी याच्यापुढे आहे. ऐन हंगामात, ऊस पाण्यावाचून वाळत असताना, बुचावर कपचे दिसले तर इंजिन कोणी थांबवावयाचे? मिस्त्री सांगतो, "मालक, आज खोलून पाहू." मालक म्हणतो, "एवढं पाणी होऊ दे." त्या वेळी एक दिवस वाचविण्यासाठी पुढे सारा हंगाम गमवावा लागतो. कारखान्यातही याहून निराळे घडत नाही. चुंबक इशारा देईल. तो इशारा घेऊन आलेल्या कामगाराचा शब्द मानण्याची शिस्त मात्र माणसांनाच लावून घ्यावी लागेल. ती आपण लावून घेऊ या.