अनेक कलांचे धनी



ज्याच्या अंगी अनेक गुण असतात त्याच्याविषयी मराठी माणूस दोन तोंडांनी बोलतो. असा माणूस दूर कोठे मुंबई-पुण्याकडे असला, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येऊ लागले, म्हणजे तो 'अष्टपैलू'. तोच आपल्या घरात जन्मला, सकाळी पेटी घेऊन बसला, दुपारी कुंचला हाती धरला आणि रात्री नाटकाच्या तालमीस निघाला, म्हणजे मात्र 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. मुलांच्या कानांवर बहुधा ही दुसरीच बोली पडते. एक काहीतरी धर, असे बाप सांगतो, मास्तर सांगतात, आणि पुष्कळदा ते हिताचेही असते. परंतु एक धरल्याने जे सुटते त्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही.

बालाघाटसारख्या सरहद्दीवरच्या जिल्ह्यात तरी हा प्रश्न अंमळ निराळ्या रीतीने पाहता यावा. १९५६ पर्यंत ह्या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे येथील कित्येक कुटुंबांत घरची भाषा मराठी, शाळेची हिंदी, आणि बाजारात व शिवारात पोवारी किंवा गोंडी असा रोजचा परिपाठ आहे. तीन भाषा बोलणाऱ्या माणसास येथे कोणी चिंध्या गोळा करणारा म्हणत नाही. एका भाषेत अडले की तो दुसरीत शिरतो, आणि दुसरीतली लकब पहिलीत घेऊन येतो. अनेक कला जाणणाऱ्या कलावंताचे असेच काहीसे होत असते.

गोविंदराव टेंबे यांचे उदाहरण घ्यावे. १८८१ साली जन्मलेले हे गृहस्थ प्रथम प्रसिद्धीस आले ते हार्मोनियमवादक म्हणून. केवळ साथीचे मानले गेलेले हे वाद्य स्वतंत्रपणे वाजवून मैफल रंगविता येते, हे ज्यांनी महाराष्ट्रास दाखविले त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आले त्याच्या चाली त्यांच्या. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तिच्या संस्थापकांत बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्या जोडीला ते होते. पुढे बोलपट आला. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला तेव्हा दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या आणि हरिश्चंद्र झाले गोविंदराव, संगीतही त्यांचेच. उतारवयात लेखणी हाती घेतली तर 'माझा संगीत व्यासंग' व 'माझा जीवनविहार' ही पुस्तके झाली, आणि तीही मोठी वाचनीय.

ह्या साऱ्याचे मूळ पेटीत आहे असे वाटते. पेटीवाला मैफलीत बसतो तो दुसऱ्याच्या गळ्याकडे कान लावून. गवयाने कोठे श्वास घेतला, कोठे शब्द दाबला, कोठे श्रोता हलला, हे सारे तो टिपीत असतो. असा मनुष्य नाटकास चाल लावू लागला म्हणजे नटाच्या गळ्याचे माप त्यास आधीच ठाऊक असते. तेव्हा टेंबे यांनी एक कला सोडून दुसरी धरली असे म्हणणे चूक होईल. ते एकाच घराच्या निरनिराळ्या दालनांत वावरत होते.

आणि दैवाची थट्टा पाहावी. ज्या वाद्याने त्यांस मोठे केले त्याच्यावर १९४० साली आकाशवाणीने बंदी घातली. श्रुतींचे सूक्ष्म भेद हे वाद्य दाखवू शकत नाही, हा आक्षेप होता. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. गोविंदराव १९५५ मध्येच निवर्तले होते.

त्याच १९५५ साली आकाशवाणीच्या नोकरीत एक दुसरा पेटीवाला दाखल झाला. त्याचे नाव पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. ज्या संस्थेत आपले आवडते वाद्य वर्ज्य, तेथे त्यांनी नोकरी केली. श्रुतिका, भाषणे, नभोनाट्ये, सारे केले. पेटी घरी वाजविली. पु. लं.विषयी लिहिणारे विनोदाने आरंभ करतात आणि विनोदानेच शेवट करतात. तथापि त्यांच्या विनोदाचा जीव तालात आहे हे फारसे सांगितले जात नाही. त्यांचे एखादे पान मोठ्याने वाचून पाहावे. लांब वाक्य चढत चढत जाते, मध्ये एक लहानशी जागा घेते, आणि समेवर नेमका शब्द येऊन पडतो. तो शब्द एक मात्रा अलीकडे किंवा पलीकडे पडला असता तर हसू आले नसते. ही कारागिरी केवळ लेखकाची नव्हे. तेथे तबल्याचा ठेका ऐकलेला कान काम करतो.

१९५३ साली त्यांनी 'गुळाचा गणपती' हा चित्रपट केला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका हे सर्व एकट्याचे, 'सबकुछ पु. ल.' हे शब्द लोकांच्या तोंडी बसले ते ह्या चित्रपटामुळे. गीते ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर स्वतःही कवी, कथाकार, पटकथालेखक व नट असे चौफेर गृहस्थ. त्यातील विठ्ठलभक्तीचे एक गीत भीमसेन जोशी यांनी गायिले, आणि ते आजही आषाढी-कार्तिकीस घरोघर वाजते. ऐकणारा भीमसेनांस हात जोडतो. चाल पु. लं.ची आहे हे त्याच्या गावीही नसते. त्याच साली 'देवबाप्पा' नावाचा चित्रपट आला. मोराला नाचावयास सांगणारे त्यातील आशाबाईंच्या आवाजातील बालगीत मराठी बालवाडीत न शिकविलेले वर्ष नसेल. तेही माडगूळकरांचे, आणि चाल पु. लं.चीच.

येथे अनेक कलांच्या धन्याला मोजावी लागणारी किंमत दिसते. लोकस्मृतीला एका माणसासाठी एकच खुंटी पुरते. विनोदी लेखक म्हणून एकदा टांगले, की संगीतकार म्हणून दुसरीकडे टांगावयास कोणी उठत नाही. 'गुळाचा गणपती'नंतर चित्रपटसृष्टीपासून ते दूर झाले. मराठी चित्रपटाचा त्यात तोटा झाला हे उघड आहे. मात्र रंगभूमीचा लाभ झाला तो लहानसहान नव्हे. १९५७ साली 'तुझे आहे तुजपाशी', आणि १९६१ पासून 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग. अख्खी चाळ एका माणसाने उभी करावयाची, म्हणजे लेखक, नट, नकलाकार व गायक ह्या चौघांनी एकाच अंगरख्यात शिरावयाचे. पन्नाशीला पोचल्यावर हे गृहस्थ बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनास जाऊन राहिले. हाही एक चिंधीच गोळा करण्याचा प्रकार, असे कोणी म्हणेल. त्यांच्या धर्मादाय प्रतिष्ठानाने दिलेल्या पैशातून पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभे राहिले हे ध्यानी घेतले, तर ह्या चिंध्यांची गोधडी बऱ्याच जणांच्या अंगावर पडली असे म्हणावे लागते.

मध्य प्रदेशात राहणाऱ्यांस ह्या संदर्भात खांडव्याची आठवण होणे साहजिक आहे. ४ ऑगस्ट १९२९ रोजी तेथे जन्मलेला आभासकुमार गांगुली पुढे किशोरकुमार झाला. शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम नाही, सैगलच्या गाण्यांची नक्कल हीच शाळा. १९६२ च्या 'हाफ टिकट' चित्रपटात एकाच गीतातील पुरुषाचा व स्त्रीचा असे दोन्ही आवाज त्याने काढले, ते ऐकून लोक हसले आणि हसता हसता चकितही झाले. परंतु १९६४ साली ह्याच विदूषकाने 'दूर गगन की छाँव में' काढला. निर्मिती, दिग्दर्शन, संगीत व नायकाची भूमिका त्याची. युद्धावरून परतलेला सैनिक आणि त्याचा मुका झालेला मुलगा, एवढीच कथा. मुलाचे काम त्याच्याच मुलाने केले. चित्रपट संथ आहे आणि दुःखी आहे. गाणाऱ्या किशोरकुमारास फिल्मफेअरचा मान आठ वेळा मिळाला. हा चित्रपट करणारा किशोरकुमार मात्र आज थोड्यांनाच आठवतो. चार्ली चॅप्लिनचे तरी निराळे काय झाले? आपल्या चित्रपटांचे संगीत तो स्वतः रचीत असे. १९५२ च्या 'लाइमलाइट'च्या संगीतास ऑस्कर मिळाले १९७३ साली, चॅप्लिन त्र्याऐंशी वर्षांचा असताना.

जेथे पैसा थोडा आणि माणसे थोडी, तेथे मात्र बहुगुणीपणाचे कोणास कौतुकही वाटत नाही, इतका तो रोजचा असतो. गोमंतकीय ख्रिस्ती समाजाचे तियात्र पाहावे. त्याचा पहिला प्रयोग मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या दिवशी झाला. लुकासिन्हो रिबैरो यांचे ते नाटक. तेव्हापासून तियात्राचा लेखक म्हणजे बहुधा गीतकार, चाली लावणारा, दिग्दर्शक आणि नट असा एकच गृहस्थ. अंकाअंकांच्या मध्ये पडद्यापुढे येऊन चालू घडामोडींवर कांतार म्हणावयाचे, आणि पडदा वर गेला की पुन्हा आपल्या भूमिकेत शिरावयाचे. त्यास अष्टपैलू म्हटले तर तो गोंधळून जाईल.

अशीच गोष्ट वैनगंगेच्या काठची. शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटावरून ही नदी खाली उतरते, भंडारा-गोंदियाच्या भातशेतीतून जाते आणि पुढे गडचिरोलीकडे वळते. ह्या खालच्या मुलुखास झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले की तेथे दंडार, खडी गंमत आणि नाटके सुरू होतात. खडी गंमतीत ढोलकीच्या साथीवर पुरुषच स्त्रीवेष घेऊन नाचतो, गातो, आणि हजरजबाबी सवाल-जवाबही करतो. झाडीपट्टीतील नाटकांचे माहेर वडसा. शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव मंडप पडतात, रात्री उशिरा नाटक सुरू होते ते पहाटेपर्यंत चालते. गाता न येणारा नट तेथे अर्धाच नट. शहरी समीक्षकाने ह्या रंगभूमीकडे पुष्कळ दिवस नाक मुरडून पाहिले. तिच्यात भडकपणा आहे हे खरे, पण रात्रभर हजारो शेतकरी जागे ठेवण्याची विद्या त्या समीक्षकापाशी नाही, हेही तितकेच खरे.

गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे ह्यांनी ह्या रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग केले आणि सुमारे आठशे भूमिका वठविल्या. विदर्भाचे दादा कोंडके म्हणून लोक त्यांना ओळखतात. ते धानाची शेतीही करतात. २०२३ साली त्यांस पद्मश्री मिळाली. सरकारी यादीत त्यांच्या नावापुढे 'कला' एवढाच शब्द आहे. नट, गायक की विनोदवीर, ह्याची निवड तेथे कोणी केलेली नाही.