बाईच्या रक्ताचा हिशेब

(कोपरगाव येथील बैठकीत केलेल्या भाषणावरून)



कापसाचा भाव, पीकविमा आणि वीजबिल यांवर माझ्यानंतरचे वक्ते बोलणार आहेत. मला मिळालेली पंधरा मिनिटे मी दुसऱ्याच एका हिशेबासाठी घेतो. उत्पादन खर्च मांडताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, बैलजोडीचा रोज धरतो. घरच्या बाईची मजुरी धरायची की नाही, यावर अजून वाद चालतो. तिच्या अंगातल्या रक्ताला तर कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. तिच्यात २०१५-१६ साली महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ४८ जणींना रक्तक्षय निघाला. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ५४ वर गेला. बाईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आले की रक्तक्षय धरतात, गरोदर असेल तर ११ च्या खाली. बोटाच्या थेंबावर मोजल्याने हा आकडा थोडा फुगतो, असे काही तज्ज्ञ म्हणतात. फुगला असेल. त्यातले दहा वजा करा, तरी दहा बायकांमागे चार उरतातच. त्याच पाहणीत पुरुषांचे प्रमाण पाचात एकाच्या आसपास आहे.

आता मला सांगा, घर एक, चूल एक, तवा एक. त्याच तव्यावरची भाकरी खाऊन नवरा धडधाकट आणि बायको फिकट, हे कसे?

पहिली गोष्ट, तिची गरज मोठी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या मात्रेप्रमाणे पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि बाईला २९, म्हणजे दीडपट. दर महिन्याच्या पाळीत तिचे १५-२० मिलिग्रॅम लोह अंगाबाहेर जाते. एका बाळंतपणाला सगळे मिळून हजार मिलिग्रॅमच्या आसपास लागते. सोळा-सतराव्या वर्षी लग्न, वर्षात पाळणा, लगेच दुसरा. ही खोट भरून निघायची कधी? दुभत्या गाईला आपण वेगळी पेंड घालतो. दीडपट गरज असलेल्या बाईच्या ताटात मात्र सगळ्यांचे झाल्यावर उरलेले येते. तळाची आमटी आणि शिळी भाकरी. मटण शिजले तर रस्सा तिच्या वाट्याला, आणि नवरा ढाब्यावर खाऊन आला तर तेही नाही.

दुसरी गोष्ट मी शेतीच्या भाषेत सांगतो, कारण शिकलो तेच आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ज्वारीची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असते, पण चुना ते धरून ठेवतो आणि मुळांना मिळू देत नाही. भाकरीचेही तसेच आहे. बाजरीच्या शंभर ग्रॅममध्ये सहा मिलिग्रॅमच्या वर लोह आहे, ज्वारीत चार, पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही. पण धान्यातले फायटेट ते लोह बांधून ठेवते आणि आतड्यातून फारच थोडे रक्तात जाते. वरून आपण जेवणाबरोबर चहा पितो. चहा म्हणजे पोटात टाकलेला चुनाच समजा, अर्ध्याहून जास्त लोह तो अडवतो. वेचणीला जाणारी बाई सकाळी काय खाते? चहा आणि भाकरी.

पिवळ्या पिकावर आपण हिराकसची फवारणी करतो आणि त्यात सायट्रिक ॲसिड टाकतो, लोह विरघळलेले राहावे म्हणून. ताटातही तेच करायचे. भाजीवर लिंबू पिळा, बांधावरचा पेरू किंवा आवळा जेवणाबरोबर खा, चहा तासाभराने प्या. मटकीला मोड आणले किंवा पिठाची आंबील केली की फायटेट कमी होते. आपल्या आज्या हे करतच होत्या. आंबील गेली, तिच्या जागी चहा आला.

सरकारी लाल गोळीतही लोहाचा हाच क्षार असतो. म्हणून कोणी फवारणीचे हिराकस खायला जाऊ नका. ते शेताचे आहे. गोळी उपकेंद्रात फुकट मिळते. गरोदर बाईला १८० दिवस रोज एक द्यायची असते. देशात हा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे, तरी आकडा वर का जातो? कुठे गोळ्याच संपलेल्या असतात, कुठे त्या फडताळात पडून राहतात. गोळीने पोट जड होते, शौच काळी होते, मग सासू म्हणते बंद कर, बाळ काळे होईल. बाळाच्या रंगाचा गोळीशी काही संबंध नाही. शौच काळी झाली तर घाबरू नका, गोळी रात्री जेवणानंतर घ्या, पण चहा-दुधाबरोबर नको.

तिसरी गोष्ट आपल्या शिवारातली. कापसात मूग-मटकीच्या ओळी असायच्या, निंदताना तांदुळजा, घोळ, पाथरी ओच्यात घेऊन बाई घरी यायची. सलग कापूस आला, तणनाशक आले, ओचा रिकामा झाला. मी तणनाशकाच्या विरोधात बोलत नाही, निंदणीच्या मजुरीचा हिशेब मलाही कळतो. पण भाजीचा दोन ओळींचा तुकडा आणि मटकीची चार तासे फवारणीतून वगळायला खर्च येत नाही.

बियाण्याचेही पाहा. जास्त लोहाची 'धनशक्ती' बाजरी २०१२ साली राज्यात आली, ज्वारीत 'परभणी शक्ती' २०१८ साली. आपल्याच नगर जिल्ह्यातल्या शाळांत १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना अशा बाजरीची भाकरी सहा महिने खाऊ घातली. ज्यांच्या अंगात लोह कमी होते, त्यांची खोट साध्या बाजरीपेक्षा तिने जास्त भरून काढली. तो अभ्यास २०१५ साली छापून आला. कृषी सेवा केंद्रात हे बियाणे मागितल्याशिवाय ते तिथे येणार नाही.

पण सगळाच रक्तक्षय ताटाने जात नाही. अनवाणी पायांतून आकडीकृमी शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. त्याला जंताची गोळी आणि पायात चप्पल. काहींना ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तपासणी करून घ्या, पण पहिल्याच फेरीत पिशवी काढा म्हणणाऱ्या डॉक्टरपासून सावध राहा. २०१९ साली सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून पिशवीच काढून टाकली, असे त्यातल्या कितीतरी जणींनी सांगितले.

यात कोणाला बायकी विषय वाटत असेल तर वेचणीचा हिशेब करा. वेचणी किलोवर असते. जिला दहा पावलांत धाप लागते तिची झोळी भरत नाही. श्रीलंकेच्या चहामळ्यांत १९७० च्या दशकात बायकांना लोह दिले, तेव्हा त्यांनी जास्त पाने खुडली. तीच बाई, तोच मळा.

तेव्हा वेचणी सुरू होण्याआधी प्रत्येक गावाने उपकेंद्रात बायकांचे रक्त तपासून घ्यायचे. गड्यांनो, त्या दिवशी म्हशीची धार तुम्ही काढा, तिला मोकळी करा. पुढच्या बैठकीला येताना तीन आकडे लिहून आणा: किती जणींचे रक्त तपासले, किती जणींचे बाराच्या खाली निघाले, आणि उपकेंद्रात गोळ्या किती दिवस नव्हत्या. तिसरा आकडा घेऊन आपल्याला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जायचे आहे.