हनिमूनला जेवायचं कुठे? एका फौजीचा अनुभव



या मालिकेत माझ्याआधी बोललेल्या लोकांनी शेअर बाजार, मधुमेह, नर्मदा परिक्रमा असे वजनदार विषय घेतले. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी हनिमूनच्या जेवणावर बोलणार. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. रिटायर्ड कर्नल, वय पासष्ट, आणि विषय हनिमून! पण मंडळी, तोफा कशा लावायच्या हे सांगणारे पुष्कळ आहेत. नवीन लग्न झालेल्या पोरांना बेटावर गेल्यावर कुठे जेवावं, कुठे जेवू नये, हे कोणी धड सांगत नाही. हॉटेलची बुकिंग करणारे सांगतात, पण ते आपल्या सोयीचं सांगतात.

मी जबलपूरचा. घरात मराठी, गल्लीत हिंदी, पुढे मेसमध्ये इंग्रजी. त्यामुळे माझ्या मराठीत मध्येच हिंदी आलं तर सांभाळून घ्या.

1986 साली माझं लग्न झालं. मी कॅप्टन होतो आणि पोस्टिंग होतं पोर्ट ब्लेअरला. आता त्या शहराचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण माझ्या तोंडात जुनंच नाव बसलंय. लग्नानंतर आम्ही इटारसीमार्गे मद्रासला गेलो आणि तिथून जहाजाने निघालो. समुद्रात तीन दिवस. क्वार्टर मिळायला आठवडा होता, म्हणून आम्ही एका लॉजवर उतरलो. तोच आमचा हनिमून.

बायको जबलपूरच्याच देशस्थ घरातली, शुद्ध शाकाहारी. मी मेसमध्ये सगळं खायला शिकलेलो. लग्नाआधी ती एकदा म्हणाली होती, "मासे कधी खाल्ले नाहीत, पण बघीन खाऊन." एवढंच वाक्य. मी ते ऑर्डर मिळाल्यासारखं धरून बसलो.

पोहोचलो त्याच संध्याकाळी मी तिला टेकडीवरच्या एका मोठ्या हॉटेलात घेऊन गेलो. पांढरे टेबलक्लॉथ, काटे-चमचे, खाली समुद्र. समुद्र म्हणजे नुसता अंधार, कारण आम्ही आठ वाजता गेलो होतो. मेनू मी उघडला आणि तिला न विचारता लॉबस्टर मागवला. तो आला तो कवचासकट, मिशांसकट. तीन दिवस जहाजात ओकाऱ्या काढलेल्या त्या मुलीसमोर ते ताट ठेवलं गेलं. तिने सूप घेतलं, पाव खाल्ला, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाली, "छान आहे." मी खूश. महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा त्या एका जेवणात गेला, पण मला वाटलं, फत्ते झाली.

खरी गोष्ट मला तेहतीस वर्षांनी कळली. जानेवारी 2019 मध्ये आमच्या लेकीचं लग्न झालं आणि ती दोघंही अंदमानलाच निघाली. बॅग भरताना बायकोने लेकीच्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. म्हणाली, "हा खोलीत ठेव. पहिल्या दिवशी नवरा भारी हॉटेलात नेतो, आणि मग रात्री भूक लागते." मी दारात उभा होतो. मी म्हटलं, म्हणजे? तेव्हा ती हसत हसत म्हणाली, "अहो, त्या रात्री तुम्ही झोपल्यावर मी आईने दिलेले चार लाडू खाल्ले. अंधारात. आवाज होऊ नये म्हणून डब्याचं झाकण पदरात धरून उघडलं होतं."

मंडळी, ती हसत होती, मला मात्र हसू येईना. तेहतीस वर्षं मी ती रात्र मित्रांना अभिमानाने सांगत आलो होतो.

मग मी विचारलं, त्या आठवड्यातलं तुला काय आवडलं होतं? ती म्हणाली, "चौथ्या दिवशीचा डोसा." अ‍ॅबर्डीन बाजारात एक छोटं मद्रासी हॉटेल होतं. पैसे संपत आले म्हणून मी तिला तिथे नेलं होतं, जरा लाजतच. तिने दोन डोसे खाल्ले, वर कॉफी घेतली आणि म्हणाली होती की सदरच्या कॉफी हाऊसमध्ये बसल्यासारखं वाटतंय. माझ्या लेखी तो काटकसरीचा दिवस होता, तिच्या लेखी तो हनिमून होता.

आता लेकीची गोष्ट. ती हॅवलॉकला पोहोचली त्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप. फोन आईला होता, पण मी शेजारीच बसलो होतो. बोटीत तिला फार त्रास झाला होता. एजंटने त्याच रात्रीचं आठ वाजताचं, समुद्रकाठचं कँडल-लाइट डिनर आधीच बुक करून पैसे घेतले होते. जावई म्हणत होते, पैसे भरलेत, जाऊ या. ती म्हणत होती, मला नुसता वरणभात हवाय. लग्नाला सहा दिवस झाले होते आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

मी हात पुढे केला, म्हटलं, फोन दे, मी जावयांना सांगतो. बायकोने फोन दिला नाही. ती लेकीला म्हणाली, "तू त्याला नीट सांगितलंस का, की नुसतं तोंड पाडून बसलीस? मीही बोलले नव्हते, म्हणून तुझ्या बाबांना तेहतीस वर्षं कळलं नाही. आधी सांग. मग दोघं मिळून मॅनेजरकडे जा आणि दिवस बदलून मागा." दोघं गेली. मॅनेजर म्हणाला, बदलता येईल, फक्त उद्याचं टेबल भरलंय, परवा या. इतकंच होतं ते. त्या रात्री दोघांनी बाजारातल्या एका बंगाली खाणावळीत डाळभात खाल्ला.

त्यानंतर भाचे-पुतणे, मित्रांची मुलं जो कोणी बेटावर निघतो, त्याला मी पाच गोष्टी सांगतो. त्या तुम्हालाही सांगतो.

पहिली, दिवस ठरवा. सहा रात्री असतील तर दोन भारी जेवणं पुरतात, बाकी साधी. पहिली रात्र कधीही भारी ठेवू नका, कारण विमान आणि वर बोट, शरीर थकलेलं असतं. शेवटचीही नको, सकाळी बॅगा आणि परतीची घाई असते. मधल्या दिवसांपैकी दोन निवडा. स्कुबा डायव्हिंग ठेवलं असेल त्याच्या आधी जड जेवण नको आणि दारू तर अजिबात नको.

दुसरी, घड्याळ बघा. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या पुढे मावळतो, तिथे पाचच्या सुमाराला. समुद्रकाठच्या भारी रेस्टॉरंटमध्ये तुम्ही निम्मे पैसे देखाव्याचे देता. आठ वाजता गेलात तर देखावा तुमच्या नशिबी नाही, जसा माझ्या नव्हता. साडेचारचं टेबल मागा. आधी चहा, भजी, मग सूर्यास्त, मग निवांत जेवण. आणि दिशा बघा. हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेला आहे, सूर्यास्त तिथे. विजयनगर आणि काला पत्थर पूर्वेच्या बाजूला आहेत, तिथे सूर्योदय. पूर्वेकडच्या साध्या कॅफेत सकाळचा नाश्ता करा आणि पश्चिमेला एक संध्याकाळ खर्च करा. लेकीने तिसऱ्या दिवशी हेच केलं. आठचं टेबल साडेचारला आणून घेतलं.

तिसरी, बेटावर काय पिकतं ते खा. तिथलं बरंचसं सामान चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने येतं. म्हणजे चीज, मश्रूम, ब्रोकोली हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून तुमच्या ताटात येणार, आणि बिलात तो प्रवास दिसणार. मासे, नारळ, केळी तिथली. नील, म्हणजे शहीद द्वीप, तिथे भाजीपाला चांगला पिकतो. साध्या ठिकाणी पास्ता मागवून मग नावं ठेवू नका, तिथे भात, डाळ, तळलेला मासा मागवा. हॅवलॉकवर वस्ती मुख्यतः पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची आहे, आणि डाळभात-मासा ते रोज घरी रांधतात. बोटीवरचे खलाशी, डायव्हिंग शिकवणारी पोरं दुपारी जिथे जेवतात ती खाणावळ धरा. तिथलं अन्न शिळं होईपर्यंत उरतच नाही. शाकाहारी असाल तर "निरामिष" हा बंगाली शब्द लक्षात ठेवा. पण वेगळी कढई, वेगळं तेल हवं असेल तर ते स्पष्ट हिंदीत विचारा. अंदमानात हिंदी बहुतेकांना येते, आणि विचारलं म्हणून कोणी रागावत नाही.

चौथी, पैशाचं आधी बोला. भारी ठिकाणी मासा वजनावर मिळतो. मेनूत 100 ग्रॅमचा भाव असतो आणि ताटात येतो सव्वा किलोचा. मासा बघा, कल्ल्यांवरचं झाकण उचलून कल्ले लाल आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का ते पाहा, वजन करून घ्या, एकूण किती होतील विचारा, मग शिजवायला सांगा. यात कमीपणा काही नाही. करही वेगळा असतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी 5 टक्के, पण जिथे खोलीचं भाडं 7,500 रुपयांच्या वर जातं अशा हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये 18 टक्के. तीन हजारांच्या जेवणावर दीडशे रुपये आणि पाचशे चाळीस रुपये, एवढा फरक. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. सेवा आवडली तर आपल्या हाताने टिप द्या. आणि थोडी रोकड जवळ ठेवा. ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून तिथलं इंटरनेट पुष्कळ सुधारलं. पण छोट्या बेटावर नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं, आणि नव्या बायकोसमोर खाणावळवाल्याशी हुज्जत घालणं बरं दिसत नाही.

पाचवी गोष्ट आधीच्या चारांहून मोठी आहे. फौजेत आम्ही म्हणतो, रेकीला दिलेला वेळ वाया जात नाही. मी जागेची रेकी केली होती. हॉटेल कोणतं, भाव काय, रस्ता कोणता, सगळं माहीत होतं. माणसाची रेकी केली नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाला काय खायचंय, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

म्हणून लग्न ठरलं की ही रेकी आपल्या गावातच करून टाका. जबलपूरचे असाल तर एक दिवस सदरला कॉफी हाऊसमध्ये डोसा खा. एक दिवस कमानिया गेटपाशी उभ्या उभ्या खव्याची जलेबी खा. एक दिवस एखाद्या चांगल्या हॉटेलात टेबल लावून जेवा. तिसऱ्या ठिकाणी ती अवघडते का, तो वेटरवर आवाज चढवतो का, कोण मेनूत उजवीकडचे आकडे आधी वाचतो, सगळं दिसतं. मग बेटावर गेल्यावर दोन भारी जेवणांपैकी एक तिने निवडायचं, एक त्याने. दुसऱ्याने त्या संध्याकाळी तक्रार करायची नाही, पण पोटात जात नसेल तर "छान आहे" असं खोटंही बोलायचं नाही. "मला हे जमत नाहीये, दुसरं काहीतरी मागवू या," एवढं म्हणता आलं पाहिजे.

लेक परत आली तेव्हा मी तिला विचारलं, डिनर कसं झालं? म्हणाली, "सूर्यास्त फार सुंदर होता बाबा. जेवण ठीक होतं." आणि लाडवांचा डबा? तो रिकामा आला. तिला वाटलं होतं रात्री आपल्याला लागेल, पण निम्मे लाडू जावयांनी संपवले. भूक त्यांनाही लागत होती. सांगायला ते लाजत होते.

मागच्या वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी बायकोला विचारलं, कुठे जायचं? मनात एक मोठं हॉटेल होतं, पण मी नाव घेतलं नाही. ती म्हणाली, सदर. आम्ही दोन डोसे मागवले, मग आणखी एक मागवून दोघांत वाटून घेतला. बिल मी दिलं. टिप तिने ठेवली, माझ्यापेक्षा जास्त.

एवढंच सांगायचं होतं. नमस्कार. जय हिंद.