हिरवळीवर भिडू बदलतात

2024 च्या विम्बल्डनमध्ये पुरुष दुहेरीचा करंडक फिनलंडचा हॅरी हेलिओवारा आणि इंग्लंडचा हेन्री पॅटन यांनी उचलला. पुढच्या वर्षी तो ज्युलियन कॅश आणि लॉइड ग्लासपूल यांच्याकडे गेला. दोघंही ब्रिटिश असलेली जोडी जिंकली ती 1936 नंतर थेट तेव्हा. खरी गंमत मात्र या चार नावांच्या अदलाबदलीत आहे. ग्लासपूल आधी हेलिओवाराचा भिडू होता आणि कॅश पॅटनचा. 2022 मध्ये कॅश-पॅटन यांनी चॅलेंजर दर्जाच्या दहा स्पर्धा जिंकल्या. त्याच वर्षी हेलिओवारा-ग्लासपूल वर्षअखेरच्या एटीपी फायनल्सपर्यंत पोचले. म्हणजे दोन्ही संसार सुखात चालले होते. तरी मोडले, उलटसुलट जुळले आणि दोन्ही नव्या सोयरिकी विम्बल्डनला फळल्या.

असं होऊ शकतं, कारण दुहेरीत भिडूशी बांधून घेणारं फारसं काही नसतं. स्पर्धेगणिक जोडीचं नाव नोंदवायचं आणि दोघांच्या क्रमवारीची बेरीज पाहून प्रवेश मिळवायचा. एकाचा क्रमांक घसरला की दुसऱ्यालाही मोठ्या स्पर्धेचं दार बंद होतं. मग कितीही दोस्ती असली तरी फोन फिरवावे लागतातच.

त्यातून हिरवळीचा हंगाम म्हणजे जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. फ्रेंच ओपनची लाल माती बुटांवरून झटकेपर्यंत स्टुटगार्ट, क्वीन्स क्लब किंवा हाले, ईस्टबोर्न असं एकामागून एक सुरू होतं. हिरवळीची सवय व्हावी म्हणून एकेरीचे खेळाडूही दुहेरीत उतरतात. चेंडू बुटक्या उंचीवर सरपटत येतो, त्यामुळे लांब रॅली क्वचितच होतात. सणसणीत सर्व्हिस आणि जाळ्याजवळ चपळ हात असतील, तर महिन्याभराची ओळखही पुरते. 2023 पासून विम्बल्डनची पुरुष दुहेरी पाचऐवजी तीन सेटची झाली, तेही नवख्या जोड्यांच्या पथ्यावरच पडलं.

हेलिओवारा आणि पॅटन एकत्र आले ते 2024 च्या एप्रिलमध्ये. पॅटननं पूर्वी याच विम्बल्डनमध्ये कोर्टाच्या कडेला बसून सामन्यांची आकडेवारी नोंदवण्याचं काम केलं होतं. दुखापतींना कंटाळून टेनिस सोडलेल्या हेलिओवारानं मधली काही वर्षं हेलसिंकीच्या विमानतळावर नोकरी केली होती. अंतिम सामन्यात समोर ऑस्ट्रेलियाचे पर्सेल आणि थॉम्पसन. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. ऑस्ट्रेलियन जोडीला विजेतेपदासाठी एकच गुण हवा, अशी वेळ तीनदा आली. तिन्ही वेळा तो हुकला आणि शेवटचा टायब्रेक 11-9 असा सुटला.

अशा नवख्या जोड्या विम्बल्डनला नव्या नाहीत. 2014 मध्ये जॅक सॉक आणि वासेक पॉस्पिसिल तिथे पहिल्यांदाच एकत्र खेळले आणि अंतिम सामन्यात थेट ब्रायन बंधूंना नमवून मोकळे झाले. त्याआधी 2012 मध्ये जोनाथन मॅरे आणि फ्रेडरिक नील्सन वाइल्ड कार्डवर येऊन जिंकले होते. नील्सननं नंतर एकेरीकडेच लक्ष द्यायचं ठरवलं. विम्बल्डनचा विजेता भिडूही माणसाला नेहमी पुरतो असं नाही. सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस 2015 च्या मार्चमध्ये एकत्र आल्या, जुलैत विम्बल्डन जिंकल्या आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये वेगळ्याही झाल्या.

सर्वांत मजेदार गोतावळा 2019 चा. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अँडी मरे जूनमध्ये क्वीन्स क्लबला परतला, तोही दुहेरीत, फेलिसियानो लोपेझला घेऊन. पहिल्याच स्पर्धेत दोघांनी करंडक मारला, आणि लोपेझनं एकेरीचाही. विम्बल्डनसाठी मरेनं भिडू निवडला तो फ्रान्सचा पिएर-युग हर्बर्ट. हर्बर्ट आणि निकोला माहू यांनी त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली होती, पण त्यानंतर एकेरीसाठी हर्बर्टनं दुहेरीतून अंग काढलं होतं. आता तोच मरेबरोबर उतरतोय हे पाहून माहूच्या मनात काय आलं असेल, याची कल्पना कुणालाही करता येईल. मरे आणि हर्बर्ट दुसऱ्या फेरीत गारद झाले. माहू एदुआर रोजे-व्हासलँला घेऊन थेट अंतिम फेरीत पोचला आणि कोलंबियाच्या कबाल-फराह जोडीकडून पाच सेटमध्ये हरला. नोव्हेंबरमध्ये लंडनच्या एटीपी फायनल्समध्ये हर्बर्ट आणि माहू पुन्हा एका बाजूला उभे होते, आणि ती स्पर्धा त्यांनीच जिंकली.