बसलेला घसा : किती दिवस थांबावे?



भोंगवलीत सप्ताहात रात्रभर भजन केले की सकाळी घसा बसतो. वर्गात ओरडून गुरुजींचाही बसतो. गुळण्या केल्या, आवाजाला विश्रांती दिली, की तो मोकळा होतो. पण तीन आठवडे उलटूनही आवाज घोगराच राहिला, तर काढ्यावर विसंबू नका. आणि श्वासाला त्रास होत असेल तर एक दिवसही थांबू नका.

कंठमण्याच्या आत आपले स्वरयंत्र असते. त्यातल्या दोन पट्ट्या थरथरतात म्हणून आवाज निघतो, आणि श्वासाची वाटही तिथूनच जाते. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरशांच्या साहाय्याने स्वतःच्या या पट्ट्या पाहिल्या. आज डॉक्टर बारीक दुर्बिणीने त्या काही मिनिटांत पाहतात.

तिथली प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. शिक्षकांच्या पट्ट्यांवर बोलून बोलून घट्टे पडतात. ते निरुपद्रवी असतात. कर्करोग असलाच तर तो बहुधा अस्तराचा, आणि विडी-तंबाखू हे त्याचे मोठे कारण. पण काही गाठी विरळा असतात आणि त्या चकवतात. लहान मुलांत विषाणूमुळे चामखिळीसारखे कोंब उगवतात. आवाज घोगरा होतो, श्वास घेताना घरघर होते, आणि घरचे म्हणतात, "दमा असेल." हे कोंब दुर्बिणीतून काढतात, पुन्हा आले तर पुन्हा काढावे लागतात. उतारवयात कधी स्वरयंत्राच्या कूर्चेतच गाठ धरते. ती वर्षानुवर्षे सावकाश वाढते आणि वरचे अस्तर गुळगुळीतच दिसते. ती स्कॅनमध्ये उमगते, आणि तिचा मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच.

म्हणून आधी गाठीची जात ठरली पाहिजे, मग उपचार. त्यासाठी तुकडा काढून तपासावा लागतो. "तुकडा काढला की रोग पसरतो" ही भीती मनातून काढून टाका. उलट या भीतीने घालवलेले महिनेच घात करतात. कर्करोग लवकर सापडला तर किरणांनी किंवा लहान शस्त्रक्रियेने तो बरा होऊ शकतो आणि पुष्कळदा आवाजही वाचतो.

आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. तेथून पुण्याचे ससून रुग्णालय गाठता येते. गरज पडल्यास मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. ते १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे.

गुरुजी, बाई, हजेरी घेताना एखाद्या मुलाची "हजर" ही हाक रोज घोगरी येत असेल, तर त्याच्या घरी निरोप धाडा. ती आपल्याच कानांना आधी कळेल.